एसीतला तेंदूपत्ता

त्या आर्ट गॅलरीत जायला तिकीट नव्हतं, म्हणून आम्ही जायचो. कलेचं कारण फार नंतर आलं. तिथं व्हीलचेअरसाठी उतार होता, लिफ्ट मोठी होती, संडासात धरायला दांडे होते आणि "काय घेणार?" असं कोणी विचारत नव्हतं. मुंबईत अशी बसायची जागा सापडणं म्हणजे काय, हे खुर्ची ढकलणाऱ्यालाच कळतं.

ढकलणारी मी, खुर्चीत आजी. आजी माझ्या नात्यातल्या नव्हेत. एजन्सीनं मला त्यांच्याकडे चोवीस तासांच्या कामाला लावलं होतं. त्या आयुष्यभर टेलिफोन ऑपरेटर होत्या. अर्धांगात डावा हातपाय गेला, आवाज राहिला, आणि तोही ट्रंक कॉलच्या काळातला, भिंतीपलीकडे जाणारा. मी गडचिरोलीकडची, आलापल्लीच्याही पुढची. शाळा सातवीत सुटली. आजींच्या घरी पहिल्या दिवशी घाबरत म्हणाले होते, "मले चहा चांगला करता येते." आजी म्हणाल्या, "मला चांगला पिता येतो. जमेल आपलं." तेवढ्यावर मी तिथं दीड वर्ष काढलं होतं आणि आणखी कितीही काढायला तयार होते. माझ्या बोलण्याला हसून झाल्यावर "तू जेवलीस का?" असं विचारणारं त्या शहरात दुसरं घर मला ठाऊक नव्हतं.

फक्त एक भीती होती. आजींची मुलगी कॅनडात. ती रोज दुपारी चारला व्हिडिओ कॉल करायची आणि तिचे नियम फ्रिजवर चिकटवलेले होते. त्यातला सगळ्यात वरचा नियम, आईला सोसायटीच्या फाटकाबाहेर न्यायचं नाही. माझ्या आधी तिघी आल्या नि गेल्या. तिसरीला तर आजींना नुसतं गच्चीवर नेलं म्हणून काढलं होतं.

"आजी, आपल्याले बाहेर जाता येत नाई," मी पहिल्या गुरुवारी म्हणाले.

"तू मला नेऊ नकोस असं लिहिलंय. मी तुला नेत्येय. तू फक्त ढकल."

अशी दिवाळीपासून दर गुरुवारी मी नेली जात होते. तीनला निघायचं, पावणेचारला घरात, चारला आजी पलंगावर उशीला टेकून शहाण्यासारख्या. मी मात्र पूर्ण वेळ घड्याळ बघत असायची. गॅलरीत माझ्या चपलेचा आवाज झाला तरी मी गार्डला "सॉरी भाऊ" म्हणायची. गार्ड उत्तर प्रदेशातला होता. तो दर वेळी "कोई बात नहीं" म्हणायचा आणि लगेच चपलेकडे बघायचा.

आजींना तिथं मजा यायची. एका खोलीत दोन पंखे समोरासमोर ठेवले होते, एकमेकांवर वारा सोडत. आजी बराच वेळ बघत बसल्या नि म्हणाल्या, "लग्नाला बरीच वर्षं झालेली दिसतायत." एकदा एका काळ्या फोनची घंटी सारखी वाजत होती आणि उचलू नका अशी पाटी होती. आजींनी उचलला. "नंबर सांगा," म्हणाल्या. गार्ड पळत आला. मी चार वेळा सॉरी म्हणाले.

त्या गुरुवारी वरच्या मजल्यावर नवीन खोली उघडली होती. दाराशी गेलो नि माझे पायच थांबले. वास आला. आत अंधार, एसी जोरात, आणि त्या थंड अंधारात वाळत्या तेंदूपत्त्याचा, बिडीच्या पानांचा वास. आमच्याकडे मे महिन्यात दुसरा वासच नसतो. उजाडायच्या आधी जंगलात जायचं, पानं खुडायची, घरी येऊन सत्तर सत्तर पानांची पुडकी बांधायची आणि दुपारनंतर फळीवर न्यायची. फळी म्हणजे गावाबाहेरचं साफ केलेलं मोकळं रान. तिथं ठेकेदाराचा मुन्शी पुडकी मोजून घेतो आणि ती उन्हात रांगेनं वाळत मांडतात. मी आठ वर्षांची असल्यापासून मांडत होते.

आणि इथं मुंबईत, दुसऱ्या मजल्यावर, चकचकीत फरशीवर, बरोब्बर तशाच रांगा. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, इंग्रजीत आणि खाली मराठीत. मी आजींना वाचून दाखवलं, "सत्तर सत्तर पानांच्या या पुडक्यांमधून अनुपस्थित हातांची कुजबुज ऐकू येते."

"मला नाही येत," आजी म्हणाल्या.

"मशीन लावलं नाई तुमी कानाचं."

"मग तू ऐक. तुझ्या गावची आहेत ना?"

मी ऐकत नव्हते. मी कोपऱ्यात बघत होते. तिथं एक यंत्र होतं आणि त्यातून धूर निघत होता. धूर कसला, पाणी! बारीक फवारा, धुक्यासारखा, पानांवर.

"आजी, हे लोक पत्त्यावर पाणी मारून राह्यले!"

"जंगल करतायत बहुतेक."

"अवो, पत्ता काळा पडते यानं. बुरशी येते. पाणी मारतेत, पण एकदम शेवटी, पोत्यात भरताना, तेबी हिशोबानं. काऊन मारून राह्यले हे?"

तेवढ्यात ढग गरजला.

आता मला माहीत आहे की छतात स्पीकर होता आणि दर पाव तासाला ढग गरजायचा. तेव्हा मला काही माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की पत्ता वाळत पडलाय नि ढग गरजला. फळीवर ढग गरजला की बाया जेवणाचं ताट सोडून धावतात. एक पाऊस आणि गावाचा सगळा मोसम मातीत. तिथं कोणी कोणाला सांगत नाही की धाव. मी धावले. ओढणी काढली, फरशीवर पसरली, दोन्ही हातांनी पुडकी ओढत भराभर टाकत गेले. एक रांग संपली, दुसरीत शिरले. तोंडानं ओरडतही होते म्हणे, "ताडपत्री आना! ताडपत्री!"

मग मला मागून आजींचा आवाज आला. "अगं, मी येत्येय!"

मी वळून बघितलं. दाराशी उतार होता. ब्रेक मी लावला नव्हता. आजी खुर्चीसकट, अगदी हळू, राणीच्या मिरवणुकीसारख्या, रांगांमधून माझ्याकडे येत होत्या. चाक एका पुडक्यावर चढलं आणि खोलीच्या मधोमध खुर्ची थांबली.

"लागलं का आजी? आजी, लागलं का?"

"काही लागलं नाही. तू उचल, उचल! तिकडची राहिलीत!"

गार्ड पळत आला. या वेळी तो "कोई बात नहीं" म्हणाला नाही. त्यानं वॉकीटॉकी तोंडाशी धरली आणि म्हणाला, "मैडम, ऊपर आइए. काम वाली ने जंगल उठा लिया."

गॅलरी सांभाळणाऱ्या मॅडम आल्या. खादीची साडी, गळ्यात चांदीचा जाड गोफ. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या फार गोड बोलल्या.

"प्लीज, कोणी काही हलवू नका. आहे तसंच राहू द्या. कलाकाराला विचारल्याशिवाय आम्हाला काहीच हलवता येत नाही."

"मी लावून देते जी जसंच्या तसं," मी म्हणाले. "मले येते लावता."

"नाही, नाही. प्रत्येक पुडक्याची जागा ठरलेली आहे. नकाशा आहे. आणि हातमोजे लागतात."

"मी खुर्ची काढून घेते फक्त," मी खुर्चीला हात लावला.

"थांबा! चाकाखाली एक पुडकं आहे. खुर्ची हलवली तर ते हलेल."

मी मॅडमकडे बघितलं. त्या खरंच बोलत होत्या. त्यांनी कलाकाराला फोन लावला. तो परदेशात होता आणि झोपलेला होता. त्याच्या सहायकाला मेल गेला. मेलचं उत्तर येईपर्यंत खुर्ची तिथंच राहणार होती आणि खुर्चीत आजी.

घड्याळात तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

"बाई, आमाले चारच्या आत घरी जा लागते," मी मॅडमच्या मागे मागे फिरत होते. "माही नोकरी जाईन जी. मी पाया पडते तुमच्या."

"मी समजू शकते," मॅडम म्हणाल्या. त्यांच्याकडे बघून वाटत होतं की खरंच समजत होत्या. तरी त्यांनी मला एक कागद दिला. वस्तूला कोणी हात लावला, कधी, कशासाठी, किती नगांना, असे रकाने होते. "कशासाठी" च्या पुढे मी लिहिलं, "ढग गरजला म्हणून." मॅडमनी ते दोनदा वाचलं नि फाइलला लावलं.

मधल्या वेळात लोक येत होते. एक जोडपं आलं, भिंतीवरचं वाचलं, आजींकडे बघितलं, परत भिंतीकडे बघितलं. त्यातली मुलगी हळूच म्हणाली, "बापरे, किती खरं वाटतंय." आजींनी मान हलवली नाही. मला वाटतं त्यांना ते आवडलं. दुसऱ्या एका गृहस्थांनी गार्डला विचारलं, "ये रोज बैठती हैं?" गार्ड म्हणाला, "आज ही आई हैं."

"मला एक दे इकडे," आजी मला म्हणाल्या. मी त्यांच्या मांडीवर एक पुडकं ठेवलं. मॅडमनी डोळे मिटून घेतले, पण आजींना अडवायची कोणाची हिंमत होत नसते. एका हातानं, पान पान ओठ हलवत त्यांनी मोजलं. "भिंतीवर सत्तर लिहिलंय. ही बासष्ट आहेत."

"आमच्या मुन्शीनं फेकून देलं असतं हे," मी म्हणाले. "आन् हे पाहा बाई, काळे ठिपके. ही बुरशी हाय. ते मशीन बंद करा तुमी, मले काढाचं तर काढा, पण मशीन बंद करा. माल जाऊन राह्यला."

मॅडम वाकल्या. त्यांनी पान नाकाशी नेलं. "आम्हाला वाटलं, तो कलाकृतीचाच भाग आहे," त्या म्हणाल्या. आणि मशीन बंद करता येईल का, हे विचारायला त्यांनी आणखी एक मेल पाठवला.

चार वाजले. फोन वाजला. मी तो कट करू शकले असते, पण कट केला की ती सोसायटीच्या वॉचमनला फोन करायची. मी आजींच्या हातात फोन दिला. त्याच क्षणी मशीननं फूं करून धुकं सोडलं, स्पीकरमधले पक्षी ओरडायला लागले आणि ढग गरजला.

"आई? आई, कुठे आहेस तू? हे काय आहे मागे? जंगल आहे का?"

"गडचिरोलीला आलेय," आजी म्हणाल्या.

मुलगी काय ओरडली ते इथं लिहीत नाही. मी फोन घेतला. आता खोटं बोलून काही वाचणार नव्हतं. मी सगळं सांगितलं. गॅलरी आहे, घरापासून दहा मिनिटांवर. आजींना काही झालेलं नाही. दिवाळीपासून दर गुरुवारी येतो. "आन् ताई, आज ब्रेक मीच लावला नाई. ढग गरजला न मी पत्ता उचलाले धावली. आजीले सोडून धावली मी."

ती म्हणाली, "तिथं जबाबदार कोण आहे? त्यांना दे."

मी फोन मॅडमना दिला. मॅडम इंग्रजीत समजावू लागल्या आणि अर्ध्या वाक्यात थांबल्या. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. आजी कान देऊन ऐकत होत्या. "माझ्यावर गेलाय आवाज," त्या मला म्हणाल्या. "लहानपणी नुसतं कुजबुजायची." दोन मिनिटांत मॅडमनी आणि गार्डनी पांढरे हातमोजे घातले, खुर्ची आजींसकट सरळ वर उचलली आणि दाराबाहेर आणून ठेवली. चाकाखालचं पुडकं जागेवरून हललं नाही. मॅडमनी त्याचा फोटो काढला.

घरी आलो. मी आजींना पलंगावर घेतलं, औषध दिलं, पाय चेपले. मग पुढच्या खोलीत जाऊन माझी पिशवी भरली. फार काही नव्हतं. आजींनी आतून हाक मारली, "काय करतेस?" मी म्हणाले, "काही नाई, कपडे लावून राह्यली." एजन्सीचा फोन येईल म्हणून मोबाइल मांडीवर घेऊन बसले. गावाला जाणाऱ्या गाडीची वेळ मला पाठ होती, तरी ती मनात परत परत म्हणत होते.

एजन्सीचा फोन आला नाही. संध्याकाळी मुलीचाच मेसेज आला. फ्रिजवर लावायला, असं वर लिहिलं होतं आणि खाली नवीन नियम होते. गुरुवार, तीन ते साडेपाच बाहेर. आईला स्वेटर, तसल्या ठिकाणी एसी फार असतो. ब्रेक दोनदा तपासणे. गुरुवारचा कॉल सहा वाजता.

मी ते चार वेळा वाचलं. मग पिशवीतले कपडे काढून परत खुंटीला लावले आणि आजींना जाऊन वाचून दाखवलं. मला रडू येत होतं, म्हणून हळूहळू वाचलं.

"सहाला?" आजी म्हणाल्या. "सहाला मी पेपर वाचते. तिला सांग, साडेसहाला कर."

मी ताईंना तसं काही कळवलं नाही.