उजव्या हाताचं ड्रॉइंग

घाई ही गोष्ट आमच्या साडूंना आयुष्यात एकदाही झाली नाही. जन्मालासुद्धा ते दिवस भरल्यावर पंधरवडाभर उशिरा आले, असं त्यांची आई सांगायची. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. बुवापाड्यात दोन खोल्या, त्यात ते, आमच्या मेव्हणीबाई, दोन मुली, म्हातारी आई आणि एक ड्रॉइंग बोर्ड. घरात कुठलीही नवी वस्तू यायची ती आधी त्या बोर्डावर यायची आणि बऱ्याचदा तिथेच राहायची. मेव्हणीबाईंना पाण्याच्या पिंपाखाली ठेवायला लाकडी तिवई हवी होती. साडूंनी ती समोरून, बाजूने आणि वरून अशी तीनदा काढली, स्क्रूंची यादी जोडली आणि सुताराच्या हाती कागद दिले. सुताराने ते उलटसुलट करून विचारलं, "साहेब, तिवई बनवायचीय का पूल?" साडूंनी त्याच्याशी बोलणं टाकलं. पिंप पुढे दोन वर्षं विटांवर उभं होतं.

अशा माणसाने एक दिवस मला सांगितलं, की उजव्या हातावर खांद्यापासून मनगटापर्यंत गोंदवून घ्यायचं ठरवलंय. मी कप खाली ठेवला. ही गोष्ट चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची. तेव्हा टॅटू हा शब्द आमच्याकडे पोचायचा होता. गोंदण म्हणजे गावाकडच्या म्हाताऱ्यांच्या कपाळावर, नाहीतर बदामात मुलीचं नाव घालून पुढे दुसरीशीच लग्न केलेल्या एखाद्या शूराच्या दंडावर. आमचे साडू यांपैकी कुणीच नव्हते. झालं होतं असं, की कारखान्याच्या कॅंटीनमध्ये त्यांच्या शेजारी एक फिटर जेवायला बसला, त्याच्या हातावर विंचू होता, आणि साडूंनी सवयीने त्याचे पाय मोजले. सात भरले. "सात पाय! आणि तो माणूस ते घेऊन मरेपर्यंत फिरणार," ते मला म्हणाले, "का? तर आधी ड्रॉइंग केलं नाही." त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. जगात एक तरी गोंदण नीट मापात झालं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं, आणि ते झालं तर आपल्याच हातावर होणार हेही ओघानेच आलं.

मग ते ड्रॉइंग सुरू झालं. हात म्हणजे सपाट पत्रा नव्हे, तो खाली निमुळता होत जाणारा नळा आहे, तेव्हा आधी त्याचा पृष्ठभाग उलगडून कागदावर मांडायला हवा, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. माझा आणि ड्रॉइंगचा संबंध एवढाच, की शाळेत मी त्यात नापास झालो होतो. तरीही कागदाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत 'तपासणारा' म्हणून त्यांनी माझी सही घेतली. चित्रात काय नव्हतं! खांद्यावर मलंगगडाची कड, तिच्याखाली उल्हास नदी, काठावर त्यांच्या गावचा उंबर, उंबराखाली गाय, मग कारखान्याची चिमणी, दातेरी चक्र, कामगार युनियनचा झेंडा आणि मनगटाशी पिंपळाचं पान, त्याच्या सगळ्या शिरांसकट. कागदाची बाही कापून ती दंडाला चिमट्यांनी लावून साडू एक आख्खा रविवार घरात बसले. कुठे घडी पडते ते बघायचं होतं. हात वाकवायचा नाही असं ठरल्यामुळे जेवण मेव्हणीबाईंनी भरवलं. दुपारी थोरल्या मुलीला बघायला म्हणून लांबचे नातेवाईक आले, त्यांनी साडूंना हाताला काय झालं ते विचारलं नाही, पण परत निरोपही पाठवला नाही.

चित्र पुरं झालं की त्यात खोट निघायची. युनियन फुटून दोन झाल्या. आता झेंडा कुठला, म्हणून झेंडा गेला. दातेरी चक्र ज्या मशीनचं होतं ती मशीन कारखान्याने भंगारात काढली, चक्र गेलं. मोकळ्या जागेत त्यांनी मेव्हणीबाईंचं नाव घातलं, तर ते नेमकं कोपरावर आलं. मेव्हणीबाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही हात वाकवला की माझं नाव मोडणार. नको बाई. तिथे ती गायच येऊ द्या." प्रत्येक बदलाची नोंद कागदाच्या कडेला, तारीख आणि कारणासकट. नव्वद साली ते कात्रपला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले तेव्हा टेम्पोत सगळ्यांत आधी ड्रॉइंगची गुंडाळी चढली आणि सगळ्यांत शेवटी, माझ्या आठवणीप्रमाणे, त्यांची आई.

दर दोन-तीन महिन्यांनी ते मला घेऊन उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात जायचे. तिथे एका सिंधी कापडवाल्याच्या पत्र्याखाली एक गोंदणारा बसायचा. बॅटरीवरचं मशीन, शाईची बाटली, एक स्टूल आणि पाठीमागे फळ्यावर विंचू, नाग, बदाम, गुलाब. साडू त्याला सुईची जाडी मिलिमीटरमध्ये विचारायचे. "साब, सुई है, चुभती है, बस," तो सांगायचा. पहिल्यांदा साडूंनी कागद उलगडला तेव्हा त्याने तो एका टोकाला धरला आणि कापडवाल्याने दुसऱ्या टोकाला. मग गोंदणारा म्हणाला, "साब, हाथ पे करना है के दीवार पे?" कापडवाला मात्र भला माणूस. दर वेळी स्टूल पुसून द्यायचा, "साईं, आज तो करा ही लो" म्हणायचा, आणि आम्ही काहीही न करवता निघालो की मला एखादा कटपीस दाखवायचा. माझे त्या काळातले सगळे शर्ट साडूंच्या गोंदणामुळे झालेले आहेत.

अशी आठ-नऊ वर्षं गेल्यावर एकदा परत येताना मी वैतागून म्हणालो, "साडूभाऊ, एक विंचू काढा आणि मोकळे व्हा. मी पाय मोजायला उभा राहतो." ते हसले नाहीत. चालता चालता थांबले आणि त्यांनी मला जे सांगितलं ते तोवर कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या आईच्या हातावर लहानपणचं गोंदण होतं. तुळस, सीतेची न्हाणी आणि छोटासा मारुती. पुढे छप्पन साली घरादाराने दीक्षा घेतली, देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले. "घरातले देव सोडता आले. हातावरचे कुठे सोडणार?" साडू म्हणाले. "मला कळायला लागल्यापासून आई लांब बाह्यांचं पोलकं घालते. उन्हाळ्यातसुद्धा. तिला ते सगळं आयुष्यभर झाकावं लागलं. मी जे काढीन ते मला साठाव्या वर्षी झाकायला लागू नये, एवढंच बघतोय." मला पहिल्यांदाच त्या ड्रॉइंगचं हसू आलं नाही. एवढं आयुष्याला पुरेल असं माझ्याकडे तरी काय होतं, असा विचार मी घरी येईपर्यंत करत होतो, आणि मला काही सापडलं नाही.

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर ड्रॉइंग एकदाचं कायम झालं. डोंगर, नदी, उंबर आणि पिंपळाचं पान. गायसुद्धा गेली होती. आम्ही कॅम्प दोनला निघालो तर आई म्हणाली, मला पोलक्याचं कापड घ्यायचंय, मीपण येते. साठी कधीच उलटलेली, पण चालणं खणखणीत. नुकतीच विहारातल्या साक्षरता वर्गाला जायला लागलेली, त्यामुळे वाटेत दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होती. साडू स्टुलावर बसले, शर्ट काढला, गोंदणाऱ्याने मशीन चालू केलं, आणि साडू म्हणाले, "एक मिनिट." नदीचं वळण जरा आत घ्यावं असं त्यांना वाटायला लागलं होतं. गोंदणाऱ्याने मशीन बंद केलं. कापडवाल्याने निःश्वास टाकला.

"ऊठ," आई म्हणाली.

ते उठले. ती स्टुलावर बसली आणि तिने पोलक्याची बाही कोपराच्या वर सरकवली. हिरवट निळं, पसरत गेलेलं जुनं गोंदण मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. साडू घाईघाईने पुढे झाले. "आई, झाकलेलंच असू दे ना. इथे बाजारात..."

"झाकतंय कोन?" ती म्हणाली. "शिमिटाची घमेली उचलून हात उलायचे रं, म्हनून लांब बाह्या. पुढं सवय लागली. तुला काय वाटलं?"

साडूंना काय वाटलं होतं ते त्यांनी चाचरत सांगितलं. आईने ऐकून घेतलं. "द्येव सोडले ते सोडले. त्याचं काय न्हाय. पन ह्ये माज्या आयेनं मला मांडीवर दाबून धरून काढून घेतलं. मी रडत व्हते, ती बी रडत व्हती. ह्ये आयेचं हाय, त्ये मी कशाला झाकू?" मग तिने गोंदणाऱ्यापुढे हात धरला. "तवा मला कोनी इचारलं नव्हतं. आता माज्या मनाचं काढ."

तिला काय काढायचं ते ठरवायला लागलेला वेळ मी सांगतो: पेन मिळेपर्यंतचा. साडूंच्या कायम झालेल्या ड्रॉइंगच्या कडेला तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, सखू. सखूबाई नव्हे. तिला नुसतं सखू म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. गोंदणाऱ्याने ती दोन वाकडी अक्षरं जशीच्या तशी मारुतीच्या खाली उतरवली. झाल्यावर तिने हात लांब धरून स्वतःचं नाव वाचलं आणि म्हणाली, "खाली जागा हाय. तुजं बी नाव टाकू का रं?"

मी साडूंकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, पण ड्राफ्ट्समन जागा होता. "टाकू ना. पण थांब आई, तुझ्या अक्षरांच्या उंचीला माझी जुळली पाहिजेत. मी नीट काढून आणतो. पुढच्या रविवारी."

"साब, तीन अक्षर है, दो मिनिट," गोंदणारा म्हणाला.

"पुढच्या रविवारी," साडू म्हणाले.

त्यांनी चार नमुने काढले, हे मला माहीत आहे, कारण तपासणारा म्हणून चारींवर माझी सही आहे. त्यानंतर कधी मुलीची परीक्षा, कधी पाहुणे, कधी गोंदणारा गावी गेलेला. दीडेक वर्षाने आई गोष्टी विसरायला लागली. आधी गॅसवरचं दूध, मग रस्ते, मग माणसं. स्वतःचं नाव मात्र हातावर होतं, ते ती रोज सकाळी वाचायची, स-खू, आणि खूश व्हायची. मग शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे बघायची आणि तिला काही आठवायचं नाही. मला फार वाईट वाटायचं. ज्या 'पुढच्या रविवारा'चा मला इतका संताप यायचा, तो साडूंना कसा वाटत असेल, हे विचारायची हिंमत झाली नाही.

एकदा कामासाठी सकाळीच त्यांच्याकडे गेलो. आईची आंघोळ झाली होती. साडूंनी टॉवेलने तिचा हात टिपून कोरडा केला, पेन घेतलं आणि 'सखू'च्या खालच्या मोकळ्या जागेत आपलं तीन अक्षरी नाव लिहिलं. पट्टी नाही, माप नाही, शेवटचं अक्षर थोडं खाली घसरलं. रोज आंघोळीत ते पुसलं जातं आणि रोज ते पुन्हा लिहितात, असं मेव्हणीबाईंनी मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. गोंदवून का घेत नाही, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, सासूबाईंची कातडी आता सुई सोसायची नाही.

आईने वरचं नाव वाचलं, मग खालचं, एकेक अक्षर लावून. "ह्यो कोन?" तिने विचारलं.

"मी, आई."

ती बराच वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत होती. मग तिने वर बघितलं, पलंगावर जरा सरकून जागा केली आणि म्हणाली, "मग उभा का हायेस? बस की." साडू तिच्याशेजारी बसले. मी काम न सांगताच निघालो.