खंदकाशेजारची बरबटी

चवळीच्या बीला नापास करणारा माणूस साऱ्या हिंदुस्थानात एकच झाला असेल, आणि तो जबलपूरला, कांचघर मोहल्ल्यात, आमच्या भिंतीपलीकडे राहत होता. मी लग्न होऊन साताऱ्याहून तिथे गेले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या मांडवाला चवळीचा मांडव म्हणाले. शेजारच्या काकाजींनी चष्मा कपाळावर सरकवून मला नीट पाहून घेतलं आणि समजावलं, की चवळी म्हणजे डब्यातली, उसळीची. मांडवावर चढून हातभर शेंगा धरते ती बरबटी.

काकाजी लष्करी सामानाच्या फॅक्टरीत तपासणी खात्यात होते. दिवसभर धातूचे सुटे भाग मापाला लावून पाहायचे आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचं, हे त्यांचं काम. घरी आल्यावर ते थांबवायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. ताटात पडलेली पोळी ते आधी उजेडाकडे धरून पाहत. आषाढात बरबटी लावायची वेळ आली, की परसात बाजेवर धुतलेलं धोतर अंथरून त्यावर बी ओतत. किडकं, सुरकुतलेलं बी बाजूला काढणं कुणालाही कळतं; काकाजी ज्या दाण्याचा डोळा जरा तिरपा असे, तोही बाजूला काढत. तिरप्या डोळ्याने काय बिघडतं, असं मी विचारलं तर शांतपणे म्हणाले, "बिघडत काहीच नाही, सूनबाई. पण पास म्हणून सही मला करायची असते ना." मग पास झालेल्यांतले दहा दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून मोड किती येतात ते पाहायचं, आणि त्यानंतरच पेरणी. बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर दोन दोन दाणे, हातभर अंतर सोडून. शेणखत बेतानेच, नाहीतर वेल नुसता पाला माजवतो. मावा दिसला, की सकाळच्या दवातच चुलीतली राख. नापास दाण्यांची उसळ काकू करत आणि वाटीभर मला परसदारी आणून देत. ती उसळ मी पुढे कितीदा करून पाहिली, तशी जमली नाही.

पासष्ट साली वेलांना कळ्या लागल्या आणि लढाई सुरू झाली. मोहल्ल्यातले वॉर्डन घरोघर सांगत आले, की बॉम्ब पडले तर लपायला प्रत्येक परसात खंदक हवा. आमचं परस दोन्ही बिऱ्हाडांत एकच, आणि त्यात मोकळी, घराला लागून असलेली जागा म्हणजे काकाजींचे दोन मांडव. वॉर्डन म्हणाले, "दादाजी, बेल तो हटानी पड़ेगी." काकाजींनी त्यांच्याकडून खोली-रुंदीची मापं लिहून घेतली, चहा पाजला, आणि दोन दिवसांत माझ्या नवऱ्याला हाताशी घेऊन खंदक खणला तो परसाच्या पार टोकाला, नळाच्याही पलीकडे. खंदक नमुनेदार होता. वॉर्डननी पाहून मान डोलावली. मांडव जागच्या जागी राहिले.

त्या रविवारी दुपारी सरावाचा सायरन झाला. आम्ही दोघं धावत जाऊन उतरलो. काकाजी खंदकाच्या तोंडाशी हातात घड्याळ घेऊन उभे होते. काकूंचे गुडघे दुखत. त्या दारातून निघाल्या, मांडवांना वळसा घातला, नळाशी चिखल चुकवत थांबल्या, एकदा आमच्याकडे पाहून हसल्यासुद्धा. त्या निम्म्या वाटेवर असतानाच धोका टळल्याचा सायरन वाजला. "झालं का? चला, बरं झालं," म्हणत त्या तिथूनच परत फिरल्या.

काकाजी घड्याळाकडे पाहत राहिले. मग खिशात ठेवून माझ्या नवऱ्याला एवढंच म्हणाले, "खंदक रिजेक्ट आहे."

तासाभराने मी परसात आले तर दाराजवळचा मांडव ते स्वतः उतरवून राहिले होते. विळ्याचा एक वार पुरला असता; पण ते एकेक वेल सुतळीवरून उलगडत होते, जणू परत लावायचा आहे. काकू दारातून म्हणाल्या, "काहून काढून राहिले? कळ्या आहेत त्याला."

"तू गुमान बस," काकाजी म्हणाले. मान मात्र त्यांनी वर केली नाही.

नवा खंदक दारापासून सहा पावलांवर झाला. उतरायला त्यांनी विटांच्या तीन पायऱ्या केल्या आणि काकूंना चारदा उतरवून-चढवून घड्याळ लावून पाहिलं, तेव्हा कुठे तो पास झाला.

दुसऱ्या दिवसापासून फॅक्टरीत बारा-बारा तासांची पाळी लागली, सुट्ट्या बंद. काकाजी उजाडायच्या आत निघत, दिवेलागणीला येत. उरलेल्या मांडवाला फुलं आली. पण बरबटीचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. त्यांना एकही दिसेना. रोज संध्याकाळी सायकल टेकवता टेकवता ते मला फुलांची खबर विचारत, आणि मी किती उमलली, मुंगळे कुठे लागले, ते सांगे. एकदा कामाच्या गडबडीत पाहायचं राहिलं, म्हणून मी अंदाजाने वीस सांगितली. त्यांनी मान हलवली. त्यांना कळलं होतं, पण माझ्या वीस फुलांना त्यांनी नापास केलं नाही.

सायरन खरा म्हणून एकदाही वाजला नाही. लढाई थांबली आणि त्यानंतरच्या पहिल्या रविवारी काकाजी चहाचा पेला घेऊन पहाटेच मांडवासमोर स्टुलावर येऊन बसले. फुलं उमलू लागली, फिकट जांभळी, आणि पहिलंच उघडत होतं तोवर काकाजींची मान छातीवर आली. मी उठवायला निघाले तर काकूंनी माझा हात धरला. आम्ही दोघींनी त्यांच्या भोवतीने, आवाज न करता, कोवळ्या शेंगा तोडल्या. पेल्यातला चहा निवून गेला.

ते जागे झाले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि सगळी फुलं मिटली होती. मला वाईट वाटलं. काकाजींनी मात्र वेलाकडे पाहिलं, काकूंच्या ओच्यातल्या शेंगांकडे पाहिलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "अच्छा, उद्या पाहू. उद्यापासून फॅक्टरीचा भोंगा पुन्हा आठाचा आहे."