सगळ्यात वरची पायरी

मित्रांनो, आज दुपारी माझ्या जुन्या दोस्ताला, दामूला घेऊन अंधेरीच्या स्टेडियमवर गेलो. उद्या तो मुंबई सोडून कायमचा मालवणला चाललाय. त्याआधी त्याला आमच्या नेहमीच्या, सगळ्यात वरच्या पायरीवर बसून एक फुटबॉल मॅच बघायची होती.

त्याचे गुडघे दुखतात. म्हटलं, "दामू, खालीच बसू ना."

"खाली साहेब लोक बसायचे, मेल्या! आपण कधी बसलो?"

कठडा धरत, थांबत थांबत चढला. वर आता प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. तरी पठ्ठ्याने पिशवीतून पेपर काढला, फाडला आणि अर्धा मला दिला.

तरुणपणी याच पायरीवर आमची ओळखच अशी झाली होती. उन्हाने सिमेंट तापलेलं, मी उभा. अनोळखी दामूने बुडाखालचा पेपर फाडून मला जागा दिली. आडनाव विचारलं नाही. "कुठल्या टीमचा रे तू?" एवढंच विचारलं.

स्टेडियमचा इतिहास उद्घाटनाच्या पाटीवर शोधणाऱ्यांनो, एकदा त्या पायऱ्यांवर या!

मॅच संपली तरी आम्ही बसून होतो. शेवटी दामूने आपला अर्धा पेपर नीट घडी करून खिशात ठेवला. "चल रे."

तुम्हाला अशी जागा कोणी दिली होती? तो आता कुठे असतो?