धामणीच्या पाठीवरचं एक वर्ष

टेमघरच्या दौलत म्हात्रेने "मला येत नाही" हे वाक्य आयुष्यात कधी उच्चारलं नाही. मांडवात आचारी उशिरा आला की भाताच्या टोपात आधी याचा झारा. कुणाची मोटारसायकल बंद पडली की प्लग काढायला हा पुढे. त्यातलं निम्मं बिघडायचं, हे खरं. पण लाकडाच्या बाबतीत त्याची फुशारकी फुकाची नव्हती. उमेदीची सगळी वर्षं त्याने भिवंडीच्या लूमना, म्हणजे यंत्रमागांना, लागणारं लाकडी सामान केलं होतं. लूमवर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला फटका देणारी काठी शिफ्टभर मार खाते, पण दौलतची काठी टिकायची, आणि अशी गुळगुळीत की गालाला लावावी. "दौलतभाई का माल मतलब शीशा," असं कारखान्यातले फिटर म्हणायचे. दौलत ते घरी येऊन पुन्हा पुन्हा सांगायचा.

मग बिनधोट्याच्या नव्या मशिनी आल्या आणि काठ्यांची मागणी आटली. दुसरा असता तर हातावर हात धरून बसला असता. दौलतने धनुष्यं करायला घेतली, कारण त्याची मुलगी मनाली लाकडी धनुष्याने नेम मारायची. मनाली कशेळीच्या एका गोदामात ड्युटी करते आणि सुट्टीच्या सकाळी मैदानावर असते. तिच्यासाठी बापाने धामणीचं धनुष्य केलं. धामण म्हणजे इथे साप नव्हे, झाड. पूर्वी भाताचे भारे वाहायच्या कावडी याच लाकडाच्या करत. वाकेल पण मोडणार नाही, अशी त्याची ख्याती.

ते धनुष्य मोडलं. मनालीने दोरी हनुवटीपर्यंत ओढली आणि वरची फांद, म्हणजे मुठीच्या वरचा अर्धा भाग, कडकन तुटून तिच्या भुवईवर बसली. टाके पडले. डोळा वाचला तो देवाच्या कृपेने.

मनाली बापाला एका शब्दाने बोलली नाही. टाके निघाल्यावर तिने मैदानावरच्या क्लबातलं बांबूचं धनुष्य उचललं आणि सराव सुरू केला. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर दौलतने आठ परत केल्या असत्या आणि विषय मिटला असता. हे गप्प राहणं मात्र त्याला झेपेना. त्याने आधी लाकडाला दोष दिला, मग वखारवाल्याला, मग हवेला. घरात त्याची थोरली बहीण राहते, तिला सगळे आक्का म्हणतात. तिने एके दिवशी ऐकून ऐकून सुनावलं.

"लोकं काय बोलतील ते सोड. पोरीनं तुझ्या हातचं परत घेतलं पायजे. न्हायतर तुझी कारागिरी चुलीत घाल."

हे मात्र वर्मी लागलं. दौलतने तुटलेले दोन्ही तुकडे अंगणात उन्हात मांडले आणि पहिल्यांदाच तोंड बंद ठेवून त्यांच्याकडे पाहिलं.

झाड दरवर्षी अंगावर लाकडाचा एक नवा थर चढवतं. ओंडका आडवा कापला की ते थर गोल गोल वलयांसारखे दिसतात. धनुष्याची पाठ, म्हणजे नेमाकडची बाजू, सगळ्यात जास्त ताणली जाते. म्हणून तिथे टोकापासून टोकापर्यंत एकाच वर्षाचा थर अखंड राहायला हवा. गाठीपाशी थर वर चढला तर पाठीलाही चढू द्यायचं. दौलतला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण काठ्या करताना गाठीचं लाकूड तो फेकूनच द्यायचा, आणि उंचवटा दिसला की त्याचा हात आपोआप रंध्याकडे जायचा. या धनुष्याला एक गाठ होती. तिच्यावरचा उंचवटा त्याने रंध्याने साफ केला होता, काचेसारखा. तिथे पाच-सहा वर्षांचे थर कापले गेले होते. धनुष्य मोडलं होतं ते नेमकं तिथेच.

"च्यायला," दौलत स्वतःशीच म्हणाला. ज्या गुळगुळीतपणाचं त्याला एवढं कौतुक, तोच पोरीच्या डोळ्यावर उठला होता, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं. पण वाईट वाटून घेत बसणारा तो माणूस नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो बाळारामच्या वखारीत हजर झाला.

बाळारामने खास त्याच्यासाठी धामणीचा एक ओंडका काढला. उन्हापावसात मुरलेला, सरळसोट, एक गाठ नाही. दौलतने कापलेल्या तोंडावर पाणी मारलं, तळहाताने पुसलं आणि वाकून पाहिलं. वलयं इतकी दाटीवाटीने बसलेली की सुरी केसभर घसरली तरी दोन वर्षं पार. त्याने नकारार्थी मान हलवली आणि कोपऱ्यातल्या दुसऱ्या ओंडक्यावर पाणी मारलं. हा जाड होता, वलयं रुंद आणि एकसारखी, मधल्या फिकट रेघा अगदी बारीक. फक्त मधोमध एक गाठ होती.

"दौलतदादा, गाठीनंच पोरीला मारलं ना?" बाळाराम म्हणाला. "परत गाठच घेऊन चाललास?"

"गाठीनं न्हाय मारलं. रंध्यानं मारलं."

लाकूड फाडून, तडे जाऊ नयेत म्हणून टोकांना रंग फासून, माळ्यावर पुरतं वाळू दिल्यावर त्याने काम सुरू केलं. त्याआधी रंधा आक्काच्या हवाली केला. दोन मुठींच्या सुरीने तो वरचे थर एकेक करून उतरवत गेला. हवा तो थर लागला की फिकट रेघ दिसायची, तिथे थांबायचं. गाठीपाशी सुरी थराबरोबर वर चढवायची, पलीकडे उतरवायची. अर्ध्यात त्याचे हात शिवशिवू लागले.

"आक्का, रंधा दे जरा. एकच हात मारतो."

"तांदलाच्या पिपात घातलाय. पीप रिकामं झालं की ये."

धनुष्य तयार झालं. पाठ दिसायला ओबडधोबड, गाठीपाशी उंटासारखी वर आलेली. दौलतच्या हातून इतकी बेढब वस्तू आजवर बाहेर पडली नव्हती. ती त्याने ताठ मानेने मैदानावर नेली.

मनालीने धनुष्य घेतलं आणि पाठीवरून अंगठा फिरवला. उंचवट्यापाशी अंगठा थांबला.

"हे असंच ठेवलंस? तुला कसं राहवलं?"

"न्हाय राहवलं. पण ठेवलं." दौलतने धनुष्य परत घेतलं आणि दोरी चढवली. "आधी मीच खेचतो. तुटलं तर माझ्या थोबाडावर तुटू दे."

तो पाय रोवून उभा राहिला. दोरीला हात घालणार, तोच मनालीने त्याचं मनगट धरलं.

"बाबा, कुणाच्या मापानं बनवलंयस?"

"तुझ्या. दुसऱ्या कुणाच्या?"

"तुझा हात माझ्याहून वीतभर लांब हाय. तू खेचलंस तर जास्तच वाकंल, चांगलं धनुष्य पण तुटंल."

पोरीच्या आधी मार आपण खायचा, एवढंच दौलतच्या डोक्यात होतं. मनालीने धनुष्य त्याच्या हातातून काढून घेतलं, बाण लावला आणि दोरी हनुवटीपर्यंत ओढली. दौलतने डोळे मिटले नाहीत. फांद्या वाकल्या, आवाज न करता वाकल्या, आणि बाण सुटला.

नेम जरा चुकला, बाण बाहेरच्या पट्ट्यात लागला. वारं होतं, असं सांगायला दौलतने तोंड उघडलं. मनाली वळलीसुद्धा नाही. तिने मागे हात केला.

"दुसरा बाण दे, बाबा," ती म्हणाली.