कचेरीचं गाऱ्हाणं

दुपारची जेवणं उरकून मी माजघरात पंख्याखाली आडवी होते. डोळा लागत नाही, कारण देवळाच्या सभामंडपात माइक तपासणं चाललंय. "हॅलो, हॅलो. कचेरी कोणी घालवली? हॅलो."

संध्याकाळी जिल्हा परिषदेचे दोन्ही उमेदवार तिथे समोरासमोर बोलणार आहेत आणि विषय ठरलेला आहे. आमच्या कुसवड्यातली तालुक्याची कचेरी मी लग्न होऊन इथे यायच्याही आधी नेरलीला गेली. कोणाच्या आजोबांनी ती जाऊ दिली, यावर हे दोघे महिनाभर एकमेकांची उणीदुणी काढतायत. इकडे वाडीच्या विहिरीत समुद्र शिरलाय. चहात दूध फाटतं. माझी तेजल पहिल्या बाळंतपणाला आलीय, पाय सुजलेत, रक्तदाब चढलाय. डॉक्टर म्हणाले, हे पाणी पिऊन इथे ठेवू नका, सासरी परत पाठवा. उद्या जावई गाडी घेऊन येतायत. पहिल्या बाळंतपणाची लेक मी माहेरातून हाकलतेय, आणि हे मेले कचेरी शोधतायत.

"हॅलो," माइक म्हणतो, आणि पंख्याची घरघर लांब लांब जाते.

"काय गो, निजलंस?"

आपा उंबऱ्यावर बसलेत. माझे सासरे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. खांद्यावर पंचा, कपाळाला गंध, सगळं तसंच. मी पदर सावरून उठते. मेलेल्या माणसासमोरही सवय जात नाही.

"पाणी दी मगे."

मी तांब्या देते. ते घटाघटा पितात, पंच्याने तोंड पुसतात आणि विचारतात, "कचेरी परत इली?"

माझं डोकंच फिरतं. "पाणी कसा लागला ता सांगा आधी."

"पाण्याचा काय? मी कचेरीचा विचारतंय."

"कचेरीत आता जाता कोण, आपा? सातबारो मोबायलार येता. नेरलीच्या कचेरीत कबुतरां रवतत."

त्यांना ऐकूच येत नाही. ते उठतात, मी उंबरा ओलांडून त्यांच्या मागे जाते, आणि पाय पडतो तो थेट देवळात. सगळा गाव बसलाय. गेलेलेही बसलेत, राहिलेलेही. दोन्ही उमेदवारांनी आपापल्या आजोबांचे कोट घातलेत, बाह्या बोटांच्या खाली लोंबतायत. फरशीवर घोटाभर पाणी आहे आणि ते कोणाला दिसत नाही.

आपा नारळ घेऊन देवासमोर उभे राहतात. आमच्याकडे देवाला सांगायचं ते असं गाऱ्हाणं घालून. एकजण मागणं मागतो आणि गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. गावाने 'व्हय' म्हटलं की ते मागणं सगळ्यांचं होतं. आपा हयात होते तोवर हा मान त्यांचा, आणि दरवर्षी पाऊसपाणी, गुरंढोरं झाली की शेवटी कचेरी असायचीच.

"बा देवा म्हाराजा! आमची कचेरी नेरलीक गेली, ती परत हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" उमेदवारांचा आवाज सगळ्यात मोठा.

पाणी गुडघ्याला लागतं. माणसं धोतरं, पँटी वर खोचतात आणि पुन्हा तेच म्हणतात. खांबाला टेकून तेजल बसलीय, पोट दोन्ही हातांनी धरून. तिचे ओठ सुकलेत.

मी ओरडते, "बावी खाऱ्यो झाल्यो म्हाराजा! लेकींका माहेरात पिवूक पाणी नाय म्हाराजा!"

एकही 'व्हय' येत नाही. एक उमेदवार लोंबती बाही सावरत वळतो. "काकी, ह्यो विषय आजच्या अजेंड्यात नाय."

मी त्याला सोडते आणि आपांवर घसरते. सासऱ्यांशी असं उभ्या जन्मात बोलले नव्हते. "ह्यांका ह्यां तुमी शिकवलास! जेवताना कचेरी, निजताना कचेरी. तुमची नात ती कचेरी पिवन जगतली?"

आपा नारळाकडे बघत राहतात. "तरणो होतंय तेव्हा गेली गो ती. आमचा दुखणा खरा होता."

"होता. मी नाय खय म्हणतंय? पण तुमचा दुखणा तुमच्यावांगडा जळला. ह्यांनी ता उकरून कित्याक हाडल्यानी?"

आम्ही देवळात नसतोच आता. आम्ही विहिरीच्या काठावर आहोत, आणि सगळी सभा खाली पाण्यात बसून टाळ्या वाजवतेय.

"मेलेल्या गोष्टीर बोलला," आपा म्हणतात, "की करूचा काय लागत नाय. म्हणान."

मला त्यांचा इतका राग येतो की रडू फुटतं. सगळं माहीत होतं यांना! आपा वाकतात, ओंजळभर पाणी घेतात. या खेपेला तोंड वाकडं होतं. ते थुंकतात.

"ह्यां पाणी पोरीक देतंस?"

"दुसरा काय देवू?"

ते नारळ माझ्या हातात कोंबतात. "घाल गाऱ्हाणा."

"बायलमाणसान?"

"मी सांगतंय मा."

"आणि 'व्हय' कोण म्हणतलो? तुमी म्हणा!"

"माज्या 'व्हय'चो आता काय उपेग? तुका जित्ती माणसां व्हयी." पाणी त्यांच्या गळ्याशी येतं. मी नारळाची शेंडी घट्ट धरते, कोणीतरी तो खाली ओढतंय, मी सोडत नाही.

माइक कर्कश किंचाळतो आणि मी जागी होते.

ऊन अजून अंगणात आहे. तेजल दारापाशी बसून बॅगेत कपडे भरतेय. माझी मूठ वळलेली, बोटं दुखतायत. उघडते तर तळव्यावर नारळाच्या शेंडीचे ओले धागे चिकटलेत.

"आई, हातात काय गो?"

मी मूठ मिटते आणि चपला शोधते. "भरू नको ता. देवळात चल माज्यावांगडा. मी गाऱ्हाणा घालतलंय. पयलो 'व्हय' तू म्हण. मगे बघतंय कोण गप रवता तो."

ती माझ्या मिटल्या मुठीकडे बघते. मग हातातला गाऊन खाली ठेवते आणि भिंतीला धरून उठते.

"व्हय," ती म्हणते.