लोटीत राहिलेली जिवाणी

आमच्या घरात अंगावर घालायला धड कापड नव्हतं, पण पाणी गाळायला नेहमी नवं, जाड, दुहेरी कापड असायचं. वडील शिंपी. सेलूच्या बाजारात एका अडत दुकानाच्या ओट्यावर त्यांचं मशीन. दिवसभर लोकांच्या बंड्या शिवायचे, आणि मी उरलेल्या चिंध्यांचं झंपर घालून हिंडायची. एका झंपराला पाच रंग. एकदा कोऱ्या मांजरपाटाचा हातभर तुकडा घरी आला. मला वाटलं, माझ्यासाठी. आत्याने तो दुमडून घागरीच्या तोंडावर बांधला आणि म्हणाली, "तुझं काय, थंडी वाजली तर सांगशील. पाण्यातल्यांना तोंड हाय का?"

ही आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कपाळ पांढरं करून माहेरी आली ती कायमची. मी तीन वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून मला हिनेच वाढवलं. गल्लीत तिला गाळणआत्या म्हणत. आपण जैन, पाणी गाळल्याशिवाय पिऊ नये, हे आमच्या सगळ्याच घरांत होतं. पण पाणी गाळून झाल्यावर कापडाचं पुढे काय करायचं, यात बाकीचे थोडं इकडेतिकडे करत. आत्या करत नसे.

गाळल्यावर कापडात जे राहतं ती जिवाणी. डोळ्यांना दिसत नाहीत असे जीव त्यात असतात. ते कापड गाळलेल्या पाण्याने लोटीत विसळायचं आणि ती लोटी ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत, पाण्यापर्यंत नेऊन हळू सोडायची. वरून फेकायची नाही. दुसऱ्या विहिरीत तर नाहीच. शेजारीण रोज टोमणा मारायची, "आत्या, किड्यांना माहेरी पोचवून आल्या का?"

"आले बाई," आत्या म्हणायची. "मला माहेर हाय, त्यांला नको का?"

मला मुदतीचा ताप आला तेव्हा मी चार वर्षांची होते. वाचणार नाही असं सगळे म्हणाले. आत्याने नेम धरला, पोर उठली की नेमगिरीचं दर्शन घेईन, तोवर गूळ खाणार नाही. मी उठले. पण जिंतूरजवळचा तो डोंगर काही जवळ येईना. कधी वडिलांचं आजारपण, कधी गाडी मिळायची नाही. आठ वर्षं तिने गूळ खाल्ला नाही. संक्रांतीला लाडू वळायची, आम्हाला वाढायची आणि हात धुऊन टाकायची. बोट चाटत नसे.

तिला अक्षर येत नव्हतं. मला मात्र तिनेच वडिलांशी भांडून शाळेत घातलं. निजामाचं राज्य, म्हणून शाळेत उर्दू. मी पाटीवर लिहायला बसले की चुलीपासून विचारायची, "काय लिवायलीस?" मी मनाला येईल ते सांगायची. न लिहिताच लिहून झालं असंही सांगायची. "खोटं न्हाई ना सांगायलीस? बघ हं. नेमगिरीला गुहेचं दार एवढंसं हाय म्हणत्यात, आन् आत देव हा भला थोरला. पोटात खोटं असलं की मानूस त्या दारात अडकतंय." तिने ते दार पाहिलेलं नव्हतं. मला मात्र ते स्वप्नात दिसायचं.

पोलीस ॲक्शनच्या आधीच्या हिवाळ्यात शेवटी आम्ही निघालो. दिवस बरे नव्हते. गावोगाव भीती होती, सूर्य मावळला की वाटेला कुणी लागत नसे. ओळखीचा किसनमामा गाडीवान म्हणून यायला तयार झाला, म्हणाला, "जाऊन येऊ, पण मुक्काम मी म्हणंल तिथं." दुसऱ्या दिवशी सकाळी, जिंतूर दोन कोसांवर असताना, एका बारवेपाशी बैल सोडले. आत्या पायऱ्या उतरून पाणी घेऊन आली. गाडीत बसून बसून तिचे गुडघे धरले होते. वर येताना दर पायरीला थांबत होती. पाणी गाळलं, जिवाणीची लोटी माझ्या हातात दिली. "खालच्या पायरीवर बस आन् हळू सोड. मला आता उतरवंना."

मी पाच-सहा पायऱ्या उतरले. खाली काळं पाणी. किसनमामा मघाशीच बोलून गेला होता की या बारवेत आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, राहतात, बायामाणसांना ओढतात. माझे पाय पुढे जाईनात. मी तिथे थोडा वेळ बसले, परत आले आणि लोटी गाडीत पेंढ्याखाली उभी खोचून ठेवली.

"सोडलीस?"

"सोडली."

डोंगर चढायला आत्याला दुपार झाली. दर्शन झाल्याशिवाय खायचं नाही म्हणून सकाळपासून पोटात काही नव्हतं. तरी तिचं तोंड फुललं होतं. दर वळणावर म्हणत होती, "आली बग. आली." आणि ते दार आलं. खरंच एवढंसं होतं. मोठ्या माणसाने बसूनच आत जावं. आतून गार हवा येत होती, दिव्याचा थोडा उजेड दिसत होता. आत्या खाली बसली, पदर डोक्यावर घेतला, आणि मला म्हणाली, "तू लहान हायस. तू हो पुढं."

मी रडायला लागले. मला वाटलं, मी अडकणार. सगळ्यांसमोर अडकणार. मी सांगून टाकलं.

वडिलांनी हात उगारला. आत्याने तो धरला. मला विचारलं, "वतलीस का कुठं?"

"न्हाई. लोटीतच हाय. गाडीत."

"मंग जित्या असतील," ती म्हणाली आणि उठली.

"अगं अक्का, दोन पावलांवर देव हाय," वडील ओरडले. "वाकून दर्शन घे, मग जाऊ. कितीसा वेळ लागतोय?"

"देव कुठं जायना. बसलाय. त्यांला तेवढा दम न्हाई."

दाराकडे पाठ करून ती डोंगर उतरली. मी मागे रडत, वडील त्यामागे बडबडत. किसनमामाने आधी कपाळाला हात लावला, मग गाडी जुंपली. बारवेपाशी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आत्या बसत बसत, एकेक पायरी करत खाली गेली. कुणाला हात लावू दिला नाही. लोटी पाण्याला टेकवली आणि इतकी हळू कलती केली की आवाजसुद्धा झाला नाही.

वर आली तेव्हा सूर्य गेला होता. दिवस मावळल्यावर आमच्यात तोंडात काही घालत नाहीत, म्हणजे त्या दिवशी जेवण नाही, पाणीही नाही. "उद्या परत जाऊ," वडील म्हणाले. किसनमामाने बैलांच्या पाठीवर हात ठेवला. "आता न्हाई जमायचं, दादा. वाटंवर काय काय ऐकायलोय. माझी बैलं गेली तर मी काय खाऊ?" त्याचंही खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही सेलूच्या वाटेला लागलो.

वाटेत मी तिच्याकडे बघत नव्हते. तिनेच मला जवळ ओढलं. "खोटं पोटात ठिवलं न्हाईस ना? मंग दारात अडकायची न्हाईस." एवढंच. पुन्हा कधी तो विषय तिने काढला नाही. मला एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

उन्हाळ्यात तिला ताप आला. माझाच, मुदतीचा. वैद्य म्हणाले, अंगात काही राहिलं नाही, गुळाचं पाणी द्या चमचा चमचा. वाटी मी धरली होती. तिने ओठ मिटून घेतले.

"आत्या, औषध हाय गं."

"गूळ हाय," ती म्हणाली. वाटी बाजूला सारली आणि म्हणाली, "दर्शन न्हाई झालं. तू जा. शिकून जा, आन् मंग खा." त्यानंतर दोन दिवस होती. घागरीवरचं गाळणं कोरडं झालं होतं. ते मीच सोडून धुतलं, नवं पाणी गाळलं, आणि विहिरीवर जाऊन जिवाणी पाण्यापर्यंत नेऊन सोडली.

मी गूळ बंद केला. वडिलांनी मला शाळेतून काढायचं म्हटलं तेव्हा मी आत्यासारखी भांडले. माझी जीभ तिखट आहे, मान ताठ आहे, असं माझे नातेवाईक आजही म्हणतात. म्हणोत. हैदराबादेला दूरच्या काकांच्या घरी राहून, त्यांची भांडी घासून शिकले.

आमच्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली. निकाल लागला त्या महिन्यात नेमगिरीला गेले. वाटेत बारवेपाशी थांबले, पाणी गाळून प्याले, शेवटच्या पायरीपर्यंत उतरले आणि जिवाणी सोडली. मग डोंगर चढले. त्या दारापाशी बसले, मान खाली घातली आणि आत गेले. दर्शन घेतलं. खाली आल्यावर गुळाचा खडा खाल्ला.