आईच्या फोटोला हार

मंडळी, सायबर कॅफेत येऊन बसलेय, कारण घरी जाऊन हे सांगायला कुणी नाही.

फोटोंचं माझं एकटीचं पहिलं प्रदर्शन आज सुरू झालं. दुपारपर्यंत हॉलमध्ये मी आणि पंखा, दोघंच होतो. मग मंगला गौरी मोहल्ल्यातले आमचे जुने शेजारी भटजीकाका आले. देवळात शिरावं तशा त्यांनी दाराशी चपला काढल्या. हातात माझ्यासाठी झेंडूचा हार होता.

समोरच आईचा मोठा फोटो लावलाय, अहिल्याबाई घाटावर केस वाळवतानाचा. काका थबकले. हार त्यांनी त्या फ्रेमला घातला आणि हात जोडले.

“वहिनी कधी गेल्या गं? आम्हाला खबरसुद्धा नाही!”

“काका, ती ठणठणीत आहे! पुण्याला दादाकडे असते.”

“राम राम! माफ कर बेटा.” त्यांनी घाईघाईनं हार काढला. “मग आज इथं का नाहीत?”

“भिंतीवरचे फोटो बघायला एवढ्या लांब कोण येतं,” असं ती म्हणाली होती. ते मला सांगवेना.

नंतर कुणी फिरकलं नाही. आता आईचा फोन येईल, कोण कोण आलं होतं म्हणून विचारेल. तुम्हीच सांगा, काय सांगू? एकच माणूस आला, आणि तो तुला हार घालून गेला?